जावयाची सायकल

कामठा, रविवार, १९ जानेवारी १९४१

आज माझ्या बहिणीचे, रुख्मिणीचे साक्षगंध झाले. बाबा गेल्यानंतर घरातले हे पहिले शुभकार्य. ते माझ्या हातून पार पडले म्हणून ही वही उघडली. मुलगा भोजराज गोंदियास तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडे कारकून आहे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला. मी इंग्रजी दुसरीत शाळा सोडली, त्यामुळे त्याच्यासमोर बोलताना मला शब्द आठवत नाहीत. काळी टोपी, इस्त्रीचा कोट आणि बोलणे मोकळे. त्याने बसल्या बसल्या आईला हसवले. आई हसलेली मी फार दिवसांनी पाहिली.

बोलणीत एकच मागणे होते. लग्नात जावयाला सायकल द्यायची, नवी आणि विलायती. मी हो म्हटले. त्याच्या थोरल्या भावाने चार माणसांत विचारले, "सायकल नाई भेटली त?" मी म्हटले, भेटेल. तो म्हणाला, "नाई भेटली त वरात बी नाई भेटनार, आधीच सांगून राहिलो." सगळे हसले. मीही हसलो. पाहुणे गेल्यावर मी बाबांची पेटी उघडून पैसे मोजले.

सोमवार, २७ जानेवारी

सायकल घेतली. लग्न वैशाखात आहे, पण लढाईमुळे विलायती माल येणे कमी झाले आहे आणि दुकानदार म्हणाला की ही गेली तर पुढचीचा भरवसा नाही. बाबांनी लग्नासाठी ठेवलेले पैसे यात गेले. हिरव्या रंगाची आहे. गोंदियाहून कामठ्यापर्यंत हातात धरून चालत आणली. बसलो नाही. जावयाची वस्तू आहे, आधी आपण वापरणे बरे नाही.

गावातले लोक पाहायला आले. एकाने घंटी वाजवली, मग सर्वांनी वाजवली. मी वर हसत होतो, पण प्रत्येक हात मोजत होतो. ती घरात आडव्या लाकडाला दोरांनी टांगून ठेवली आहे. आई म्हणाली, "पाळन्यात लेकरू ठेवल्यावानी ठेवलास गा."

शनिवार, ८ फेब्रुवारी

लोहाराकडून जाड साखळी करून घेतली आणि बाजारातून पितळी कुलूप आणले. कुलपाला दोन किल्ल्या आहेत. एक माझ्या करदोड्याला बांधली. दुसरीचे काय करावे हा विचार दोन दिवस चालला होता. घरात ठेवली तर कोणाच्याही हाती लागेल. शेवटी आज भोजराजला नेऊन दिली. सायकल त्याचीच आहे, आणि जावयाचा मान राहतो. तो खूश झाला. म्हणाला, "उदारामजी, तुमच्यासारखा साळा मिळायला नशीब लागते."

येताना वाटेत ते वाक्य मी पुन्हा पुन्हा मनाशी म्हटले.

गुरुवार, २० फेब्रुवारी

भोजराज मिलवर भेटायला आला होता. मी चुन्नीलाल सेठच्या धान मिलमध्ये काट्यावर असतो, आलेले धान तोलून घेतो. सायकल टांगून ठेवली आहे असे सांगितल्यावर त्याने कपाळावर हात मारला. टांगलेल्या सायकलचे रबर वाळून फुटते, रोज थोडी चालवली पाहिजे, असे तो म्हणाला. मला हे ठाऊक नव्हते. रोज तिच्यावर मिलला या, फाटकाजवळच्या शेडमध्ये लावा, असेही त्यानेच सुचवले. मी संकोच केला, पण जावयाने स्वतः सांगितल्यावर नाही कसे म्हणावे?

उद्यापासून नेतो. बसण्याआधी सीटवर फडके घालीन.

मंगळवार, ११ मार्च

सायकल गेली.

दुपारी धानाच्या गाड्या लागल्या होत्या. काटा सोडून हलता येत नव्हते. गर्दी ओसरल्यावर शेडमध्ये पाहिले तर खांब तेवढा होता. साखळी नाही, कुलूपही नाही. किल्ली माझ्या कमरेला होती. मी हातांनी खांब चाचपून पाहिला. का, ते सांगता येत नाही.

चालत घरी आलो. आईला सांगितले तेव्हा ती भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी जळेपर्यंत तिने ती उलटली नाही. रुख्मिणीने येऊन उलटली.

परवा होळी आहे.

बुधवार, १२ मार्च

सेठने सांगितले की पोलिसात गेलास तर सायकल सापडूनही चौकीतच गंजेल. इथलाच माणूस असणार, इथेच विचारू. फाटकावर सुकराम असतो. तो चिचगडकडचा गोंड माणूस, जंगलाचे काम सोडून दोन वर्षांपूर्वी आला. आजवर त्याच्याविषयी तक्रार नव्हती.

सेठ, सेठचा पहिलवान आणि मी गोदामात होतो. सुकरामला उभे केले. तो घाबरला नाही, हेच सेठला आवडले नाही. त्याने सांगितले की एक माणूस आला, तोंडाला धुळीसाठी दुपट्टा बांधला होता, डोक्यावर काळी टोपी होती. सरळ शेडमध्ये गेला. खिशातून किल्ली काढून कुलूप उघडले. जाताना सुकरामला बिडी दिली.

सेठ म्हणाला, "चाबी तो उदाराम के पास है. भूत ने खोला क्या?"

"किल्लीनंच खोललन मालक. आरामानं खोललन, आपलीच असल्यावानी."

"रोका क्यों नहीं?"

"काऊन रोकू? किल्लीवाल्याले कोन रोकते?"

सेठने माझ्याकडे वळून विचारले, दुसरी चाबी आहे का. मी एकच आहे असे सांगितले. जावयाचे नाव मिलच्या गोदामात, पहिलवानासमोर घेणे शोभत नाही. आणि त्याचा येथे काही संबंधही नाही. मी करदोड्याची किल्ली काढून सर्वांना दाखवली.

मग पहिलवानाने सुकरामला मारले. सुकराम पडला नाही. माझ्याकडे पाहत होता. सेठने मला बाहेर जाण्यास सांगितले, मी गेलो. काट्यावर बसून मी एका गाडीचे धान दोनदा तोलले आणि दोन्ही वेळा वेगळे वजन आले. असे माझ्या हातून कधी झाले नव्हते.

सुकरामने कबूल केले नाही. सेठने त्याला काढून टाकले. महिन्याचा पगारही अडकवला.

शनिवार, १५ मार्च

भोजराजला सांगायला जाण्याचा धीर होत नव्हता. आज गेलो. त्याने ऐकून घेतले. चिडला नाही. आधी मला पाणी दिले, मग म्हणाला, माझा भाऊ फार कडक आहे, त्याच्या कानावर जाऊ देऊ नका, लग्न मोडेल. मी त्याचे पाय धरणारच होतो. तो म्हणाला, मी काही खटपट करतो.

त्याने सुचवलेली तोड नवी नाही. आपल्याकडे बैल चोरीला गेला की हेच करतात. मामांचा खिलारी बैल गेला होता तेव्हा मी लहान होतो. मामांनी बाजारात एका मधल्या माणसाला गाठले, त्याच्या हाती सोडवणुकीचे पैसे दिले, आणि तिसऱ्या दिवशी बैल नाल्याकाठी पळसाला बांधलेला मिळाला. यात एकच नियम आहे. चोराचे नाव विचारायचे नाही, आणि पुढे कळले तरी तोंडातून काढायचे नाही. नियम मोडला तर पुन्हा कोणाचे जनावर परत येत नाही.

भोजराज म्हणतो की ठेकेदाराच्या मोटारींवर नाना प्रकारची माणसे असतात, त्यातला एक असे काम करून देईल. सायकलसाठीही हा नियम चालतो हे ऐकून मला बरे वाटले.

साक्षगंध झालेल्या मुलीचे लग्न मोडले तर तिला दुसऱ्यांदा कोण विचारतो? शेजारच्या गावातली एक तशीच घरी बसली आहे. केस पांढरे होत आले तिचे.

रविवार, ३० मार्च

सोडवणुकीसाठी घरात काही उरले नव्हते. रुख्मिणीला लग्नात घालायचे म्हणून आईने जपून ठेवलेले चांदीचे तोडे होते. आईने ते काढून माझ्यासमोर ठेवले आणि उठून गाईला पाणी दाखवायला गेली. आम्ही दोघेच होतो.

रुख्मिणी म्हणाली, "दादा, दुसरी किल्ली कोनापाशी हाये?"

मी म्हटले, तुला काय करायचे आहे?

"सुकराम म्हने का किल्लीनं खोलली. तूनंच सांगतलास. तुही किल्ली तुह्या कमरेले होती. मंग?"

मी तिच्यावर ओरडलो. एका कुलपासारखी हजार कुलपे बाजारात असतात, कोणाचीही किल्ली कोणाला लागते. लग्नाआधीच नवऱ्याचे नाव चोरीत घेतेस, हेच शिकवले का आईने? असे पुष्कळ बोललो.  तिने तोडे फडक्यात बांधून माझ्या हातात दिले. म्हणाली, "मी नाव कोनाचं बी घेतलं नाई दादा. तूनंच घेतलास."

तिला जास्त शाळा शिकवली नाही ते बरे केले असे मनात आले. नंतर त्याची लाज वाटली.

बुधवार, २ एप्रिल

तोडे द्यायला भोजराजकडे गेलो. जाताना ठरवले होते की सहज विचारायचे, ती दुसरी किल्ली जपून आहे ना? यात वावगे काही नाही. वाटेभर वाक्य घोटले. 'सहज' शब्द आधी घ्यावा की नंतर, यावरही विचार केला.

त्याने चहा मागवला. पान दिले. तोडे हातात घेऊन म्हणाला, "अरेरे, बिचारीचे तोडे." त्याचे डोळे खरेच पाणावले. मी विचारले, वरातीला किती बैलगाड्या येतील? तो म्हणाला, दहा-बारा. मी म्हटले, कडब्याची सोय करून ठेवतो. आणि परत आलो.

बुधवार, ९ एप्रिल

सायकल मिळाली.

काल निरोप आला होता की कोहमाऱ्यास जा, चौरस्त्यावर चहाचे दुकान आहे, त्याच्या मागे मोहाचे झाड आहे. तेंदूपत्त्याच्या मोटारीवर बसून गेलो. सायकल मोहाला टेकवून ठेवली होती. मी आधी पुढचे चाक, मग मागचे, मग घंटी पाहिली. कोठे ओरखडा नव्हता. माझीच साखळी, माझेच कुलूप, आणि तेही लावलेले. माझी किल्ली घातली, चट्कन उघडले. चोर असून कुलूप तोडले नाही. मला तर तो सभ्य वाटला.

चहावाला म्हातारा बाहेर आला. म्हणाला, "घेऊन जाऊन राहिले का? बरं झालं. शिमग्यापासून उभी हाये. तो पत्त्याचा बाबू म्हने का—"

मी हात वर केला. म्हटले, बाबा, नाव घेऊ नका, नियम आहे. तो माझ्याकडे पाहत राहिला. म्हणाला, "मी कायले नाव घेऊ? मी त चहाचे पैसे मागून राहिलो, त्याचेच बाकी हायेत." मी ते देऊन निघालो.

परतीचा रस्ता सगळा सायकलवर काढला. दोन्ही बाजूंना जंगल, मोह गळून संपला होता, आणि ऊन फार होते. मी एकटाच होतो. एका उतारावर पाय सोडून दिले आणि आनंदाने ओरडलो. मग वाटले, हे नीट झाले नाही. मला म्हणायचे आहे की मी ओरडायला नको होते.

गुरुवार, १० एप्रिल

भोजराज सायकल पाहून गेला. म्हणाला, त्याची किल्ली कोठेतरी हरवली आहे, माझी आता त्याला द्यावी. दिली.

मिलमध्ये सेठने सर्वांसमोर माझी पाठ थोपटली. मी म्हटले, सुकरामला परत घ्यावे. सेठ म्हणाला, "तो बता, चोर कौन था?" मी सांगू शकत नाही म्हटले. "फिर वही था," सेठ म्हणाला आणि गल्ल्याकडे वळला.

खरे तर नियमाप्रमाणे मी चोर कोण नव्हता तेही सांगू शकत नाही. एक नाव पुसले की दुसरे विचारतात.

शनिवार, १९ एप्रिल

सुकराम अडकलेला पगार मागायला आला होता. बायकोही बरोबर होती, धनवंता. मी काट्यामागच्या पोत्यांआड गेलो. तो गेल्यावर बाहेर येईन असे ठरवले होते, पण धनवंता पोत्यांच्या या बाजूने आली आणि मला पाहून थांबली. शिव्या देईल असे वाटले. ती म्हणाली, "बाबू, सायकल भेटली ना तुमाले?" मी मान हलवली. "बरं झालं," ती म्हणाली. "आता ह्याचा उजवा हात बी भेटला असता त बरं झालं असतं. कुऱ्हाड धरता येत नाई त्याले."

पहिलवानाने हात मोडला होता. मला कोणी सांगितले नव्हते. मी विचारलेही नव्हते.

पगार मिळाला नाही.

मंगळवार, ६ मे

लग्न लागले. वरात बाजा वाजवत आली. भोजराजने मांडवातच सायकलवर बसून एक फेरी मारली, पोरे मागे धावली. त्याचा थोरला भाऊ मला म्हणाला, माणूस शब्दाचा पक्का आहे. जेवताना पंगतीत माझ्या हुशारीची गोष्ट निघाली, चोराच्या हातून सायकल कशी सोडवली ती. भोजराजनेच सांगितली, रंगवून. जंगल, मोहाचे झाड, अंधार. अंधार नव्हता, पण मी दुरुस्ती केली नाही. सगळे माझ्याकडे कौतुकाने पाहत होते.

रुख्मिणीचे पाय मोकळे होते. बायकांनी विचारले तेव्हा आईने सांगितले, तोडे उजळायला सोनाराकडे दिले आहेत.

जाताना ती रडली नाही. मी रडलो.

सोमवार, २ जून

रुख्मिणी कालपासून आली आहे. माहेरपणाला म्हणून आम्ही आनंदात होतो. आज आई विहिरीवर गेल्यावर तिने सांगितले की माहेरपणाला नाही, घड्याळासाठी पाठवले आहे. मनगटी घड्याळ. दिले तर तो न्यायला येईल. नाही दिले तर तिने येथेच राहावे.

मी म्हटले, तो चांगल्या घरचा आहे, थट्टेने म्हणाला असेल.

"थट्टेनंच म्हनते तो सगळं. सायकलीचं बी थट्टेनंच सांगतलन मले. लगनाच्या दुसऱ्याच दिवशी. हासू हासू सांगतलन." ती सूप हातात घेऊन बसली होती. सुपात तांदूळ होते, ती निवडत नव्हती. "म्हने, तुह्या भावाले सगळं समजून राहिलं होतं. चहा पेत पेत माह्या तोंडाकडं पाहून राहिला होता, अन् इचारलन काय, त बैलगाड्या किती येतीन."

तिने सूप खाली ठेवले.

"समजलं होतं का तुले, दादा?"

मी उठून गाईचा दोर सोडला आणि पुन्हा बांधला.

"मले नोको पाठवू," ती म्हणाली. "मी धानाचा रोवना करीन, बिड्या वळीन. खायचं ओझं नाई होनार तुले. तू फक्त देऊ नोको. एकडाव नाई म्हनून पाहा."

मी म्हटले, बघू. आईच्या कानावर घालू नकोस.

बुधवार, ४ जून

विचार केला. ती येथे राहिली तर लोक का म्हणून विचारतील. का सांगायचे तर सायकलचे सांगावे लागेल. सायकलचे सांगितले तर सुकरामचे निघेल. मग सेठ विचारील, चाबी एकच आहे म्हणालास ते काय होते. नोकरी जाईल. आई कशी जगेल? आणि इतके करून रुख्मिणी नवऱ्याने टाकलेलीच म्हणवेल.

दुसरीकडे फक्त एक घड्याळ आहे.

लिहून काढले म्हणजे स्पष्ट दिसते.

रविवार, ८ जून

भोजराज सकाळी आला, सायकलवर. अंगणात बाजेवर बसला, आईने गूळपाणी दिले. त्याने गावाची, पिकाची, लढाईची बातमी सांगितली. घड्याळाचे नाव काढले नाही. मीही काढले नाही. उठलो, सेठकडून पगारावर उचल घेऊन विकत आणलेले घड्याळ आतून आणून त्याच्या हातात ठेवले. या वेळी मधला माणूस नव्हता.

त्याने ते कानाला लावून ऐकले. म्हणाला, "साळेसाहेब, चीज चांगली निवडता."

रुख्मिणी दारात उभी होती. तिने ते पाहिले आणि आत जाऊन आपले गाठोडे घेऊन आली. मला वाटले होते की ती काही बोलेल, नाही म्हणेल, आईला सांगेल. मी दोन दिवस त्याची उत्तरे तयार करून ठेवली होती. एकही लागले नाही.

बाई सायकलवर बसून चालली आहे म्हटल्यावर शेजारी गोळा झाले. असे कामठ्यात कोणी पाहिले नव्हते. एक म्हातारी म्हणाली, "भाग्याची पोरगी वो, भाऊ पाहा कसा." आई पदराने डोळे पुसत हसत होती.

मागच्या चाकात हवा कमी होती. मी पंप लावून भरली. मग दोन्ही हातांनी सीटखाली धरून सायकल सरळ उभी ठेवली, तिला चढता यावे म्हणून. चढताना तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही. गाठोडे मांडीवर घेऊन ती रस्त्याकडे तोंड करून बसली.

मी धरून होतो. भोजराज म्हणाला, "सोडा आता."

मी सोडली.